दाराशी बसलेली अध्यक्ष

गिरणी चालवणारीचा कोणावर विश्वास नसतो, आणि गिरणीवर येणाऱ्यांचा गिरणीवालीवर नसतो. बोरी अरबला आमच्या गिरणीत दळण टाकून निवांत घरी गेलेली बाई मी क्वचितच पाहिली. पट्टा फिरायला लागला की प्रत्येकीची नजर आपल्या डब्यावर. आपल्या ज्वारीत आधीच्या बाईचं बेसन तर नाही आलं, पीठ कमी तर नाही भरलं. मीसुद्धा त्यांच्याकडे तशीच बघायची. कोणी ओला गहू आणला, कोणी खडे तसेच ठेवले, कोणी वरून चांगले दाणे आणि खाली किडके घातले. पोतं उचलताना एक हात ओटीपोटाशी धरायचा आणि डोळे गिऱ्हाइकावर ठेवायचे, अशी माझी सवय. संशय पिठासारखा अंगात भरतो. कितीही झटकला तरी शिवणीत राहतोच.

म्हणून दारव्ह्याच्या आमच्या संस्थेत मला सचिव केलं तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या होत्या की, कारभारात एक तरी संशयी बाई पाहिजेच होती.

संस्था बायकांच्या आरोग्याची. बाहेरगावाहून आलेल्या या डॉक्टरीणबाईंनी ती बाजारामागच्या दोन खोल्यांत सुरू केली होती. तपासणी बाजाराच्याच दिवशी ठेवलेली, कारण त्या दिवशी बाई पिशवी घेऊन घराबाहेर पडली तर कुठे चालली म्हणून कोणी विचारत नाही. परतताना मेथीची जुडी आणि पावभर मिरच्या नेल्या की झालं. पुढे त्यांनी सगळा कारभार इकडच्या बायकांच्या हाती दिला. मी तपासते, चालवा तुम्ही, म्हणाल्या. कार्यकारिणीत कापूस वेचणाऱ्या होत्या, अंगणवाडीतल्या होत्या. दारव्ह्याच्या एका गॅरेजवाल्याच्या घरची भाभी खजिनदार होती. आणि अध्यक्ष होती एका तांड्यावरची बंजारा बाई. तिला सगळे याडी म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. वयाने ती माझ्याहून फार मोठी नव्हती, पण आवाज असा की तिने "बसा" म्हटलं की बसलेला माणूसही पुन्हा सावरून बसायचा.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. बाईला विचारलं काय होतं, की ती म्हणणार, काही नाही. ते ऐकून उठायचं नाही. ती काही नाही म्हणाली की तिथून विचारायला सुरुवात करायची. यात याडीचा हात धरणारी कोणी नव्हती. ती घरात शिरायची, बाईच्या हातातली पालेभाजी ओढून आपणच निवडायला बसायची आणि म्हशीबद्दल विचारायची. म्हैस व्याली का, दूध किती देते, आटली का. म्हशीवरून सासूवर, सासूवरून झोपेवर, आणि मग अचानक, मान वर न करता, "आन तुले काय होऊन राह्यलं?" काही नाही म्हणणाऱ्या बायका तिथे रडायला लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

संस्थेत विटाळ बंद, हा पहिला नियमही तिचाच. सभेला सगळ्यांनी एकाच सतरंजीवर बसायचं, पाळी असो नसो. आणि एक होती बरणी. आमच्याकडे पाळीतली बाई लोणच्याला हात लावत नाही. लावला तर लोणचं नासतं असं आजीपणजीपासून ऐकलेलं. याडीने पहिल्याच उन्हाळ्यात आंब्याचं लोणचं घातलं, चिनीमातीच्या बरणीत भरलं आणि ठरवून दिलं की सभेच्या दिवशी जिची पाळी असेल तिनेच हात धुऊन, कोरडा करून, फोडी काढायच्या आणि सगळ्यांना वाढायच्या. लोणचं वर्षभर टिकलं. मग ती बरणी मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमधून गावोगाव फिरायची, बायकांसमोर झाकण काढून म्हणायची, वास घ्या आणि सांगा नासलं का. शंभर भाषणांनी झालं नसतं ते त्या बरणीने केलं. दरवर्षी नवं लोणचं पडायचं, पण बरणी तीच.

मग ती कपाशीची वाईट वर्षं आली. त्यांबद्दल बाहेरच्या लोकांनी इतकं लिहिलंय की मी वेगळं काय सांगू. आम्हाला फरक दिसला तो रस्त्यावर. एरवी ज्या रस्त्याने बैलगाड्या आणि कापसाचे ट्रॅक्टर जायचे तिथे पांढऱ्या गाड्या दिसायला लागल्या. कॅमेरे आले, पाहुणे आले, दौरे आले. आमच्या खोल्यांतही येऊन बसायचे. शेत किती, नवरा काय करायचा, कसा गेला, हे विचारायचे. समोरच्या बाईला स्वतःला काय होतंय हे एकानेही विचारल्याचं मला आठवत नाही. घरातलं माणूस गेलं तर बाईकडे गाडी येते, बाईचं अंग दुखलं तर कोणी येत नाही, असं भाभी म्हणायची.

याच पाहुण्यांतून एक साहेब आले आणि येतच राहिले. नागपूरच्या कुठल्याशा मोठ्या संस्थेचे सल्लागार. बोलणं लोण्यासारखं. त्यांचं म्हणणं असं की आम्ही त्यांच्यात सामील व्हावं, संकटात सापडलेल्या कुटुंबांचं काम करावं, ऑफिस यवतमाळला हलवावं. वर एक शिकलेला संचालक बसेल. आणि आमची कार्यकारिणी? ती राहील की, सल्लागार समिती म्हणून. सल्लागार म्हणजे ज्याला विचारायचं आणि ऐकायचं नाही, एवढं मला कळत होतं. मी याडीकडे पाहिलं. तिने ताडकन नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "पाहू."

माझ्या कानाला ते 'पाहू' खटकलं. याडीने आयुष्यात कोणाला पाहू म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिथून माझे डोळे तिच्यावर लागले आणि लागलेल्या डोळ्यांना दिसायला वेळ लागत नाही. पुढच्या सभेला ती सतरंजीवर आलीच नाही. दाराशी, उंबऱ्याला टेकून, उघड्या फरशीवर बसली. गर्मी होते म्हणाली. दिवस वेचणीचे, सकाळी स्वेटर घालायचे, आणि हिला गर्मी. मधेच उठून बाहेर जायची, बऱ्याच वेळाने यायची. भाभी आणि मी एकमेकींकडे पाहायचो. कोणाशी बोलायला जाते? त्या वेळी मोबाइल नवे नवे आले होते, तांड्यावर तिच्या मुलाने एक घेतला होता. मनात म्हटलं, फोन करत असेल साहेबाला.

त्यानंतरच्या सभेलाही दाराशीच. आणि लोणचं वाढायची वेळ आली तर बरणी दुसरीकडे सरकवली. तूच काढ, म्हणाली. आम्ही घेतलं, तिने घेतलं नाही. ज्या बाईने ती बरणी तान्ह्या पोरासारखी मांडीवर फिरवली ती आता तिला बोटही लावत नव्हती. मला वाटलं, हिला आता आमच्यात जेवायचं नाही. मोठ्या लोकांत बसायची सवय झाली.

मग साड्या. याडी कायम फिकट रंगाची, धुऊन धुऊन विरलेली साडी नेसायची. आता अंगावर गडद मरून, काळपट जांभळी, कधी तर नुसती काळी. काळी साडी बंजारा बाई कशाला नेसेल, मी भाभीला विचारलं. भाभी म्हणाली, "नई साड्या आहेत. कोण देऊन राह्यलं पाहा ना." गावांत जाणंही तिने सोडलं. जीपमध्ये कंबर दुखते म्हणून दुसऱ्यांना पाठवायची. आम्ही म्हटलं, अध्यक्षीण झाली खरी, आता खेड्यात कशाला जाईल. आणि सगळ्यांत लागलेली गोष्ट म्हणजे डॉक्टरीणबाईंना ती टाळायला लागली. त्या आतल्या खोलीत असल्या की ही बाहेरच्या बाहेर निघून जायची. डॉक्टरीणबाई एकदा मला म्हणाल्या की, माझं काय चुकलं विचार ना तिला, माझं तोंडसुद्धा बघत नाही. त्यांचा चेहरा उतरलेला होता आणि मला याडीचा फार राग आला.

कळस झाला तो कळंबला. भाभीचे मिस्टर तिकडे कोणाचा ट्रॅक्टर दुरुस्त करायला गेले होते. चिंतामणीच्या देवळाबाहेर त्यांना याडी दिसली. एकटी. भाभीने मला जसंच्या तसं सांगितलं: "अंदर नाही गेली. बाहेरच उभी होती, झाडाखाली. मंग साहबची गाडी आली, बसून निघून गेली."

कळंबला जाऊन चिंतामणीच्या जमिनीखालच्या गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरत नाही असा माणूस तिथे फक्त कोणाला तरी भेटायला गेलेला असतो. मला आणखी पुरावा नको होता. दळणात भेसळ कळायला सगळं पोतं चाळावं लागत नाही, मूठभर पीठ पुरतं.

भाभी आणि मी कामाला लागलो. कार्यकारिणीतल्या एकेकीला गाठलं. पाहा, ही आपल्याला विकून मोकळी होणार, म्हटलं. काही लगेच पटल्या, काही गप्प बसल्या. एक अंगणवाडीवाली म्हणाली की, तिलाच विचारा ना सरळ. मी म्हटलं, चोराला विचारून चोरी कळते का? वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर मी स्वतः पहिला विषय घातला: अध्यक्ष बदलण्याबाबत. तो कागद तांड्यावर गेला. उत्तर आलं नाही. सभेला साहेबही येणार होते, त्यांचा प्रस्ताव घेऊन. मला वाटलं, बरंच झालं, दोघांचं एकदमच निपटू.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी गिरणी बंद होती. लाइट गेलेली, ती त्या वर्षांत असायची त्यापेक्षा जास्त नसायचीच. सासूबाई गिरणीच्या ओट्यावर कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. मी रिकामी आणि रिकाम्या माणसाचं डोकं तापलेलं. मी त्यांना सगळं सांगत सुटले. दाराशी बसते. सतरंजीवर येत नाही. लोणच्याला हात लावत नाही. देवळापर्यंत जाते आणि आत जात नाही.

सासूबाईंनी वात मांडीवर वळली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मंग बाहेरची असन ते."

मला हसू आलं. सासूबाईंचं सगळं जग पाळीतली बाहेरची आणि बाकीची घरातली यांत बसवलेलं. मी म्हटलं, "आत्याबाई, आमच्या संस्थेत ते पाळत नाही. आन अशी चार-चार महिने कोणी बाहेरची राह्यते का?"

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

मी हसत होते आणि हसता हसता थांबले. चार-चार महिने बाहेरची कोण राहते? हा प्रश्न मी कितीतरी बायकांना विचारलेला होता, त्यांच्या ओसरीत, त्यांची भाजी निवडता निवडता. किती दिवस जातं, मधे थांबतं का, कपडा किती लागतो, कंबर दुखते का, चक्कर येते का. त्याचं उत्तर काय असतं ते मला पाठ होतं. गडद साडी. मधेच उठून जाणं. जीपचे धक्के नकोत. डॉक्टरीणबाईंसमोर यायचं नाही, कारण त्या एका नजरेत ओळखतील. अंगणातलं शेंबडं पोरही सांगेल की उंबऱ्याशी दूर बसलेली, लोणच्याला हात न लावणारी, देवळाबाहेर थांबलेली बाई कोण असते. आम्हालाच ते दिसलं नाही. विटाळ आम्ही आमच्या खोलीतून इतका झाडून काढला होता की तो समोर येऊन बसला तरी आम्हाला राजकारण वाटला.

तरी संशय असा सहज मरत नाही. रात्रभर मनात यायचं, समजा हे खरं असलं तरी साहेबाच्या गाडीचं काय? आजारी बाई विकली जात नाही असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला पोचले तेव्हा साहेब खुर्चीवर बसले होते, मांडीवर फाइल. बायका सतरंजीवर. याडी दाराशी. अंगावर काळपट साडी, ओठ पांढरे. मी तिच्या नखांकडे पाहिलं, आम्हाला शिकवलं होतं तसं. नखं कागदासारखी.

मी उभी राहून सांगितलं की नियमाप्रमाणे पहिल्या विषयाच्या वेळी पाहुण्यांना सभेत बसता येत नाही. असा काही नियम नव्हता. पण सचिव मी होते आणि नियम मलाच माहीत असायचे. साहेबांनी भाभीकडे पाहिलं, भाभीने माझ्याकडे. तिला काही कळलं नव्हतं, पण तिने साहेबांना समोरच्या हॉटेलात चहाला पोचवलं आणि परत येऊन दार लावून घेतलं. आता ठरल्याप्रमाणे मी आरोप वाचीन अशी सगळ्यांची समजूत. बायका खाली बघत होत्या.

मी सतरंजीवरून उठले आणि याडीच्या शेजारी, फरशीवर जाऊन बसले. तिची पिशवी बाजूला होती, तीत संभाराची जुडी. कोथिंबिरीला आमच्याकडे संभार म्हणतात. मी ती जुडी काढली आणि निवडायला लागले.

"म्हैस व्याली का वं?" मी विचारलं.

याडीने माझ्या हातांकडे पाहिलं. "माहीच विद्या माह्यावर चालवून राह्यली का?" ती म्हणाली.

"दूध देते का?"

"देते."

"झोप येते का तुले?"

 मी काड्या मोडत राहिले. मग मान वर न करता विचारलं, "काय होऊन राह्यलं तुले?"

"काई नाई."

मी उठले नाही. कोणीच उठलं नाही. सतरंजीवरच्या बायकांना तोवर उमजायला लागलं होतं. अंगणवाडीवालीने तोंडाला पदर लावला.

"पाऊस गेल्यापासून," याडी शेवटी म्हणाली. "थांबतच नाई."

तिने आम्हाला सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. आधी वाटलं जायचंच वय आहे, होत असेल. मग थांबेना. कळंबला एक झाडपाला देणारा होता, त्याच्याकडे चोरून जायची. आम्ही ज्यांच्याकडे जाऊ नका म्हणून गावोगाव सांगायचो त्यांच्यातलाच एक. त्या दिवशी औषध घेऊन परतताना चक्कर आली म्हणून देवळाबाहेर झाडाखाली थांबली. रस्त्याने जाणाऱ्या साहेबांनी ओळखलं आणि दारव्ह्यापर्यंत आणून सोडलं, इतकंच. साड्या तिच्या सुनेच्या होत्या.

मला राग आला. दया यायला हवी होती, पण आला तो राग. एवढी मोठी झालेली बाई, जगाला सांगते लपवू नका, आणि स्वतः झाडपाला खाते. मी तिला म्हटलं, "तू कायले लपवलं वं? आमच्यापासून? डॉक्टरीणबाईपासून?"

तिने बरणीकडे बोट दाखवलं. ती सतरंजीच्या मधोमध होती, नेहमीसारखी.

"ते बरणी घेऊन मीच फिरली ना," ती म्हणाली. "विटाळ काई नसते म्हणून सांगतलं. आन मलेच असं झालं. तांड्यात समजलं तर काय म्हणतीन लोकं? बरणीत हात घातला, म्हणून झालं. मंग कोण येईन आपल्याकडं? सगळं बसलं असतं."  मग फार हळू म्हणाली, "आन रातच्यानं मलेच वाटे, तसंच असन तर?"

 बाजाराचा आवाज भिंतीपलीकडून येत होता.

मी अजून एक विचारलं. साहेबाला तू सरळ नकार का दिला नाही? याडीने माझ्याकडे आणि भाभीकडे पाहिलं. "मी मेल्यावर कोण चालवन? तुमी दोघी भांडून मोडून टाकसान. म्हणून त्याले धरून ठेवलं."

म्हणजे आम्ही तिच्यावर डोळा ठेवून होतो तेव्हा तीही आमच्यावर ठेवून होती. भाभीला एकदम रडू फुटलं. मला हसू येत होतं की रडू ते मला अजून सांगता येत नाही.

आतल्या खोलीचं दार मी वाजवलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, याडीकडे एकदाच बघितलं आणि एक शब्द न विचारता तिचा हात धरून तिला आत नेलं. साहेबांना चहाच्या हॉटेलात बराच वेळ बसावं लागलं. संध्याकाळी मी त्यांना सांगून आले की आज फक्त पहिलाच विषय झाला.

यवतमाळला तुकडा काढून तपासला. गर्भाशयाच्या तोंडाला रोग होता, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. जाण्याच्या वाटेवर होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नागपूरला किरणांचा शेक घ्यायला ती बरेच दिवस राहिली. जायच्या आधी तिने आम्हाला तांड्यावर बोलावलं आणि हुकूम सोडला की गावोगाव सांगा, अध्यक्षाला काय झालं ते आणि तिने लपवलं तेही. आम्ही सांगितलं. सोपं गेलं असं म्हणणार नाही. तिला जे भय होतं ते खोटं नव्हतं. एका गावात बायकांनी तोंडावर विचारलं की बरणीमुळेच ना? दुसऱ्या गावात बरणीचं झाकण उघडूच दिलं नाही. बाजाराच्या दिवशी दोन खोल्या काही महिने निम्म्या रिकाम्या असायच्या. साहेबांना आम्ही नाही कळवलं. भाभी आणि मी भांडलो, खूप भांडलो, पण मोडलं नाही. मला वाटतं निम्मं तरी तिच्या त्या एका वाक्याच्या रागाने टिकवलं.

आंब्याच्या दिवसांत याडी परत आली. अंगावर मांस राहिलं नव्हतं, केस विरळ, आवाज मात्र होता तसा. फिकट साडी नेसली होती. खोलीत आली, दाराशी क्षणभर थांबली आणि सरळ जाऊन सतरंजीच्या मधोमध बसली. हात धुतले, पदराने कोरडे केले, बरणीचं झाकण काढलं आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक फोड ठेवली. मग आपण खाल्ली.  लोणचं खारट झालं होतं, कारण त्या वर्षी ते मी घातलं होतं.

मी मागच्या सभेचा वृत्तांत वाचायला घेतला. तिने हात वर करून थांबवलं. आजपासून पहिला विषय आपला आपला, म्हणाली. गावातल्या बायकांचं नंतर. प्रत्येकीने सांगायचं आपल्याला काय होतं, आणि अध्यक्षापासून सुरुवात. तिने आपलं सांगितलं, शेकाने कातडी कशी जळाली, लघवीला आग कशी होते, सगळं. मग भाभीचा नंबर आला. भाभीने लाजत लाजत अंगावरून पांढरं जातं म्हणून सांगितलं आणि तिघी म्हणाल्या, मलाही. अंगणवाडीवालीच्या छातीत दुखत होतं. असं करत करत फेरी माझ्यापाशी आली.

मी वही मांडीवर सरळ केली. "मले काई नाई," मी म्हटलं. "पुढचा विषय घ्या."

याडी माझ्याकडे बघायला लागली. चार महिने मी तिच्याकडे जशी बघत होते अगदी तशी. माझा डावा हात ओटीपोटावर होता, तो तिने पाहिला. मी काढून घेतला, तेही पाहिलं. पुढचा विषय कोणी घेतला नाही. सगळी सतरंजी माझ्याकडे तोंड करून बसलेली.

"गिरणी कशी चालून राह्यली?" याडीने विचारलं.

चालते, मी म्हटलं.

"पोते कोण उचलते?"

मीच, मी म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, माझाच आवाज मला ऐकू आला. पोतं उचललं की अंग खाली येतं. हाताने वर सारावं लागतं. बसलं की टोचतं, म्हणून मी गिरणीत बसतच नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

धाकटा झाला तेव्हापासून, मी सांगितलं. धाकटा त्या वर्षी यवतमाळला कॉलेजात जायला लागला होता.